आधी काटा, मग स्प्रिंग

पोरी, परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, स्प्रिंगा चाळीसच्या घेऊ की साठच्या?" मी नुसतं "थांब जरा" म्हणालो. जावईबापूंना ते रुचलं नसणार, त्यांचं पार्सल मागवायचं जवळजवळ ठरलंच होतं. म्हणून बसून लिहितोय. चाळीस की साठ, म्हणजे व्हॅन किती मिलीमीटर खाली घ्यायची, हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. आधीचे प्रश्न सुटले की तो आपोआप सुटतो. ते न सोडवता व्हॅन खाली घेतली तर दोनदा पैसे जातात. माझे गेलेत.

हे काम मी पहिल्यांदा पाहिलं ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात. तिथं या गोल स्प्रिंगा नव्हत्या, ट्रकचे पाटे होते. आमच्या वस्तादांकडे उसाचा ट्रक आला की मालक म्हणायचा, "दोन पाटे वाढवा." वस्ताद हातोड्याला हातसुद्धा लावायचे नाहीत. आधी विचारायचे, माल कसला, भरणार किती, मागं जास्त की मधे, आणि घाट उतरायचा आहे का. साखर कारखान्याच्या काट्यावरची चिठ्ठी बघितल्याशिवाय ते पाटा सोडायचे नाहीत. पुढं मी इंग्लंडला आलो, मिडलंड्समधल्या गॅरेजात जन्म गेला, पाट्यांच्या जागी स्प्रिंगा आल्या, पण वस्तादांचा तो पहिला प्रश्न मी आजही तसाच विचारतो. वजन किती?

तुझी व्हॅन फोक्सवॅगन टी६, त्यातली टी३०. या तीसचा अर्थ लक्षात घे. भरलेल्या गाडीचं एकूण वजन ३,००० किलोपर्यंत चालतं. टी२८ ला २,८००, टी३२ ला ३,२००. म्हणजे कारखान्यानं तुझ्या मागच्या स्प्रिंगा बनवल्या त्या टाइल्सची खोकी किंवा प्लंबरचे पाइप वाहायला, रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालासाठी. म्हणूनच रिकामी व्हॅन ढुंगण वर करून उभी असते आणि सगळ्यांना ती खाली घ्यावीशी वाटते. पण तू तिचा कॅम्पर करणार आहेस. कॅम्परमध्ये माल उतरतच नाही. पलंग, ओटा, कपाट, बॅटरी, पाणी हे बारा महिने अंगावर. त्या वजनानं मागची बाजू आपसूक बसते. किती बसते ते स्प्रिंगवर आणि लाकडावर अवलंबून. समज, चाकाच्या जागी मोजलं तर दर सहा किलोला एक मिलीमीटर बसते, आणि मागच्या एका चाकावर १२० किलो वाढले. झाले २० मिलीमीटर, एक पैसा खर्च न करता. आता पाकिटावर लिहिलेले साठ तू याच्यावर उतरवलेस तर ते साठ राहत नाहीत.

लाकडाचं वजन कुणी धरतच नाही. अठरा मिलीमीटरच्या बर्च प्लायचा आठ बाय चारचा अख्खा ताव छत्तीस किलोच्या आसपास भरतो, बारा मिलीमीटरचा चोवीसच्या आसपास. असे पाच-सहा ताव लागले की दोन-तीन माणसं कायमची मागं बसवल्यासारखं होतं. पाणी तर सरळ हिशेब, एक लिटरला एक किलो. शंभर अँपिअर-अवरची एजीएम बॅटरी तीस किलोच्या घरात, तेवढीच लिथियमची घेतलीस तर निम्म्याहून कमी. त्यात तुझा कुकर, पोळपाट, तांदळाचा डबा, सायकली, पावसाळी तंबू. जावईबापूंना म्हणावं, जिथं शक्य आहे तिथं हलका पॉपलर प्लाय वापरा. वजन कमी करण्याइतकी चांगली स्प्रिंग अजून कुणी बनवलेली नाही.

आता माझी गोष्ट. टी५ घेतली तेव्हा मी इतक्या वर्षांचा जाणता, तरी भुललो. व्हॅन रिकामी होती, एका दुकानदारानं साठच्या स्प्रिंगा दाखवल्या, बसवल्या, गाडी काय देखणी दिसली! चार महिन्यांनी ओटा झाला, पलंग झाला, पाण्याची टाकी भरली आणि आम्ही वेल्सला निघालो. स्नोडोनियाच्या त्या अरुंद रस्त्यांवर प्रत्येक उंचवट्याला मागून 'ठप्प' असा आवाज. लोखंडावर लोखंड आपटल्याचा नाही, जाड, मुका आवाज. तुझी मामी म्हणाली, मागं काहीतरी सुटलंय. काही सुटलं नव्हतं. चाक धरणारा मागचा आर्म बंप स्टॉपवर जाऊन बसत होता. बंप स्टॉप म्हणजे शेवटच्या क्षणी धक्का झेलायला ठेवलेला रबरी ठोकळा. व्हॅन जितकी खाली घेशील तितकं त्याच्यापर्यंतचं अंतर कमी. अंतर संपलं की स्प्रिंग उरतच नाही, गाडी त्या ठोकळ्यावर चालते. त्या रात्री मुलं झोपल्यावर मी टॉर्च घेऊन खाली वाकून पाहिलं. एका बाजूचा ठोकळा चिरलेला होता. घरी येऊन सगळं परत विकत घेतलं.

तेव्हा क्रम असा ठेव. आधी कॅम्पर पूर्ण कर, जुन्या स्प्रिंगांवरच. कपाटाची दारं, गाद्या, सगळं. दोन-चार आठवडे वापर. मग डिझेल भर, पाणी भर, सामान भर, दोघं बसा आणि सार्वजनिक वजनकाट्यावर जा. तुमच्या कौन्सिलला विचारलंस तर जवळचा काटा कुठं आहे ते सांगतील. काट्यावर तीन आकडे घ्यायचे. पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची चाकं. पुढचा आणि मागचा मिळून एकूण येतो का ते तिथंच ताडून बघ, दहा-वीस किलोंचा फरक चालतो. चिठ्ठी जपून ठेव.

मग गाडीवरची वजनाची पट्टी बघ. त्यावर एकूण मर्यादा आणि पुढच्या-मागच्या एक्सलची मर्यादा वेगवेगळी लिहिलेली असते. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा एक्सल बाहेर, असं कॅम्परमध्ये पुष्कळदा होतं. आणि इथं एक गोष्ट मी तुला बजावून सांगतो, कारण चांगले चांगले लोक यात फसतात. जाड स्प्रिंग घातली म्हणून गाडीची मर्यादा एक किलोनंही वाढत नाही. ब्रेक तेच, टायर तेच, बेअरिंग तीच. पट्टीवर जे लिहिलंय तेच खरं. काट्यावर जास्त भरलं तर सामान काढायचं, स्प्रिंग बदलून ते लपवायचं नाही. टायरचंही तिथंच बघून घे. समज एक्सलची मर्यादा १,६०० किलो असेल तर चाकाला ८०० आले, म्हणजे टायरवर लोड इंडेक्स १०० पेक्षा कमी चालणारच नाही. मोठ्या देखण्या रिमांच्या नादात लोक हा आकडा बघायचा विसरतात.

उंची मोजायची तर जमिनीपासून मोजू नकोस. टायरमध्ये हवा कमी-जास्त असली, टायर झिजला, की ते माप खोटं. चाकाच्या बरोबर मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोज. चारही चाकांचं, सपाट जागी, स्टिअरिंग सरळ ठेवून, हँडब्रेक सोडून. चाकांना लाकडी ठोकळे लाव आधी. मोजण्यापूर्वी व्हॅन पाच-दहा फूट पुढं-मागं कर, नाहीतर नुकतीच जॅकवरून उतरवलेली गाडी फसवं माप देते.

आणखी एक युक्ती. एक पैशाची आहे, पण हजार रुपयांच्या मशिनीइतकं सांगते. मागच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर धुळीची टोपी असेल तर ती वर सरकव, आणि दांड्याला प्लॅस्टिकची झिप टाय बांध. घट्ट नाही, बोटानं सरकेल इतपत. ती खाली शॉकअपच्या नळीला टेकवून ठेव. मग नेहमीच्या रस्त्यावर, भरल्या गाडीनं, वीसेक मैल जाऊन ये. शॉकअप दबला की नळी त्या टायला वर ढकलते आणि टाय तिथंच थांबते. परत आल्यावर खाली वाकलीस की तुला दिसेल, सगळ्यात जास्त किती दबला आणि ठोकळ्यापर्यंत किती जागा उरली. साध्या रस्त्यावरच ती जागा संपली असेल तर जुन्याच स्प्रिंगा कमी पडताहेत, खाली घेण्याची भाषाच नको. बोटभर, दोन बोटं जागा उरली असेल तर कुठपर्यंत खाली जाता येईल ते तुझं तुलाच कळलं.

हे सगळं हातात आल्यावर स्प्रिंगेकडे ये.

स्प्रिंगेचा कडकपणा तीन गोष्टींत असतो. तारेची जाडी, वेटोळ्याचा घेर, आणि चालती वेटोळी किती. यांत तार सगळ्यात जोरकस. जाडीच्या चौथ्या घातानं कडकपणा वाढतो. चौदा मिलीमीटरची तार पंधराची केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर कडकपणा जवळजवळ एक तृतीयांशानं वाढतो. बघणाऱ्याला दोन्ही स्प्रिंगा सारख्याच वाटतात. म्हणून दुसऱ्याच्या व्हॅनमधून काढलेल्या स्प्रिंगा 'दिसायला सेम' म्हणून घेऊ नकोस. कारखान्याच्या स्प्रिंगेवर रंगाचे ठिपके असतात, ते शोभेला नसतात, कुठल्या वजनाच्या गाडीची ती स्प्रिंग आहे ते सांगतात. चिंधीनं चिखल पुसून त्यांचे फोटो काढून ठेव. सर्व्हिसबुकातल्या स्टिकरवरचे कोडही उतरवून ठेव. स्प्रिंग विकणाऱ्याला तू हे दिलंस की तो तुला गंभीरपणे घेतो.

कंपनीचं नाव मी एकच सांगणार नाही. आयबाख आणि एच अँड आर, दोन्ही जर्मन, एक फिनेनट्रॉपची, दुसरी शेजारच्याच लेनेश्टाटची. जाउअरलांड नावाच्या त्या डोंगराळ मुलखात लोखंड, तार आणि भट्टीचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. या आणि अशा इतर चांगल्या कंपन्या स्प्रिंगेसोबत कागद देतात. पुढच्या एक्सलला अमुक किलोपर्यंत, मागच्याला तमुक किलोपर्यंत. तुझी काट्याची चिठ्ठी त्या कागदाशेजारी ठेव. बसलं तर घ्यायची. ज्या स्प्रिंगेबरोबर नुसता 'साठ' हा आकडा आहे आणि वजनाचा उल्लेखच नाही, ती कितीही स्वस्त असली तरी आणायची नाही. काही ठिकाणी भरल्या कॅम्परसाठी वेगळा संच मिळतो, पुढं जास्त खाली, मागं कमी, आणि मागची तार जाड. तुझ्यासारखीला तोच. टी३२ चा संच हलक्या टी२८ ला घातला तर गाडी उडते, उलटं केलं तर बसते.

प्रोग्रेसिव्ह असा शब्द तुला ऐकायला मिळेल. त्या स्प्रिंगेत काही वेटोळी जवळजवळ असतात, काही लांब. थोडं वजन असताना सगळी चालतात म्हणून मऊ लागते, वजन वाढलं की जवळची वेटोळी एकमेकांवर टेकून बाद होतात आणि उरलेल्यांवर स्प्रिंग कडक लागते. ऐकायला छान. पण कॅम्परमध्ये काय होतं, कायमच्या वजनानंच जवळची वेटोळी मिटून जातात आणि तू नेहमी कडक भागावरच चालतेस. रोजच्या वापराची, कधी रिकामी कधी भरलेली व्हॅन असेल तर प्रोग्रेसिव्ह ठीक. वजन बदलतच नसेल तर सरळ एकसारखी स्प्रिंग, मोजून घेतलेली, मला जास्त पटते.

आणि हो, चाळीस की साठ. माझं मत विचारशील तर झोपायच्या व्हॅनला चाळीसच्या पुढं जाऊ नये. चाळीसपर्यंत चांगल्या अवस्थेतले मूळ शॉकअप निभावतात. त्यापुढं आखूड शॉकअप घ्यावेच लागतात, नाहीतर दांडा सतत खालच्या टोकाजवळ काम करतो आणि लवकर गळतो. खर्च जास्त, पोटाखालची जागा कमी. तीसनंही व्हॅनची चाल सुधारते, वळणावर कलणं कमी होतं, मोटारवेवर बाजूच्या वाऱ्याचा धक्का कमी लागतो. दिसायला तेवढी खाली वाटत नाही, हे खरं.

स्प्रिंग कापायची नाही. कुणीही कितीही सहज सांगितलं तरी नाही. सात चालत्या वेटोळ्यांतलं एक कापलं तर कडकपणा सहाव्या हिश्श्यानं वाढतो, तिथवर गणित सुटतं. पण शेवटच्या वेटोळ्याचा आकार बैठकीसाठी घडवलेला असतो, तो गेला. गाडी जॅकवर घेतली किंवा चाक खड्ड्यावरून लटकलं की ती स्प्रिंग बैठकीत सैल होते आणि परत येताना कुठंही बसू शकते. गॅसनं तापवून खाली बसवणं त्याहून वाईट. पोलादाला भट्टीत आणि तेलात दिलेलं पाणी त्या एका मिनिटात उतरतं. उद्यमनगरात वस्ताद पाटा तापवायचे, पण मग त्याला पुन्हा पाणी देऊन, पुन्हा नरम करून, हातानं ठोकून टणत्कार ऐकून बाहेर काढायचे. दारातल्या गॅसच्या बत्तीनं ते होत नाही.

व्हॅन एका बाजूला कलते का तेही आत्ताच बघ. इंग्लंडात सरकता दरवाजा डावीकडे, फुटपाथकडे, म्हणून ओटा आणि कपाट सगळं उजवीकडे जातं. चालकही उजवीकडेच. चारही मापं घेतलीस की उजवीकडची पाच-दहा मिलीमीटर कमी भरतील. लोक याच्यावर स्प्रिंगखाली रबरी पाचर घालतात. मी आधी सामान हलवतो. बॅटरी डावीकडच्या सीटखाली, पाण्याची टाकी डावीकडं सरकवता येत असेल तर तिकडं, जड डबे पलंगाखाली डाव्या खणात. त्यानंही राहिलं तरच पाचर.

बसवण्याचं काम. जावईबापू हौशी आहेत, हात चांगला आहे, पण पुढच्या स्प्रिंगा त्यांना घरी काढू देऊ नकोस. त्या शॉकअपवर दाबून बसवलेल्या असतात, स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर निसटला तर माणूस जातो. पुढचं गॅरेजात. त्याच वेळी वरचा माउंट आणि बेअरिंगही बदलून घे, मजुरी एकदाच पडते. मागच्या स्प्रिंगा शॉकअपपासून वेगळ्या आहेत, शॉकअपचा बोल्ट सोडून आर्म सावकाश खाली घेतला की त्या सुटतात. तरी एकट्यानं नको, आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली नको. स्टँड लाव.

एक गोष्ट बघायला मी स्वतः येईन. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळायचे नाहीत. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. लटकत्या अवस्थेत आवळलंस तर गाडी खाली आल्यापासून ते कायम पिळलेलंच राहतं. वर्षभरात फाटतं, आणि तोवर व्हॅन उगीच ताठ चालते, मग माणूस स्प्रिंगेला दोष देतो. बोल्ट हातानं लावायचा, चाकं जमिनीवर आणायची, आत तुमचं नेहमीचं वजन, मग टॉर्क रेंचनं आवळायचा. चांगले मेकॅनिकही घाईत हे सोडतात.

खाली घेतल्यावर मागची चाकं वरच्या बाजूनं आत झुकतात आणि त्यांची दिशाही थोडी बदलते. म्हणून चारही चाकांचं अलाइनमेंट, नुसतं पुढचं नाही. जुन्या व्हॅनचे मागच्या आर्मचे जुळवणीचे बोल्ट इथल्या मिठाच्या रस्त्यांनी गंजून धरलेले असतात. आठवडाभर आधी रोज संध्याकाळी त्यांच्यावर गंज सोडवायचं तेल मारत जा. हेडलाइटचा झोत परत लाव, एमओटीला, म्हणजे वार्षिक तपासणीला, तो तपासतात, आणि मुख्य म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जातो. इन्शुरन्सवाल्यांना स्प्रिंगा बदलल्याचं लेखी कळव. कॅम्पर केल्याचं कळवशीलच, त्याच पत्रात ही ओळ टाक.

आणि जिथं जायचंय ते रस्ते आठव. इथले स्पीडब्रेकर नियमानं शंभर मिलीमीटरपर्यंत उंच असू शकतात. स्कॉटलंडच्या बेटांवर जाताना फेरीच्या उतरत्या फळीवर शेपटी टेकते, भरती-ओहोटीप्रमाणं तो कोन बदलतो. लेक डिस्ट्रिक्टमधल्या हार्डनॉट पासला तीनात एक असा चढ आहे आणि वळणाच्या आतल्या बाजूला रस्ता एकदम उचलला जातो. तिथं भरल्या, खाली घेतलेल्या व्हॅनचं पोट घासताना मी स्वतः ऐकलंय. तुम्ही ओल्या शेतातल्या कॅम्पसाइटवर राहणारी माणसं, फाटकातून आत शिरताना मधला गवताचा उंचवटा असतो, त्याचाही विचार करा.

नव्या स्प्रिंगा बसल्या की पहिले पाचशे मैल त्या थोड्या बसतात. मग परत चारही मापं घे, परत झिप टाय बांधून एक फेरी मार, अलाइनमेंट तेव्हाच पक्कं कर. आणि सगळे आकडे कागदावर नको, कागद हरवतो. काट्याचे तीन, बदलण्याआधीची चार मापं, नंतरची चार, तारीख, मैल. ओट्याच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेव. माझ्या व्हॅनच्या दारावर तीन संचांचे आकडे आहेत, पहिल्या साठच्या संचाचेसुद्धा, तुझ्या मामीच्या अक्षरात. मी गाडीखाली पडून ओरडत होतो आणि ती लिहीत होती.